शाळेत लिहिलेली चिठ्ठी रुग्णालयापर्यंत कोण पोहोचवणार?

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा शल्य चिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांचे प्रकल्प अधिकारी,
महाराष्ट्रातील सर्व जिल्हे

महोदय, महोदया,

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. मुलांची उंची-वजने घेतली जातात. डोळे, कान, दात, त्वचा आणि हृदय तपासले जाते. ज्या मुलात काही आढळते, त्याच्या नावाने संदर्भ चिठ्ठी लिहिली जाते. पथकाची गाडी फाटकाबाहेर पडली की त्या चिठ्ठीला कोणी वाली उरत नाही. मुख्याध्यापक सांगतात, हे आरोग्य खात्याचे काम. ग्रामीण रुग्णालय सांगते, मूल आमच्याकडे आलेच नाही. पालकांना कागद मिळालेला असतो, पण कुठे जायचे, कोणत्या वारी जायचे, कोणाला भेटायचे हे त्यावर लिहिलेले नसते. पुढच्या वर्षी पथक पुन्हा येते, तोच दोष पुन्हा सापडतो, पुन्हा चिठ्ठी लिहिली जाते.

आमची मागणी एकच आहे. प्रत्येक चिठ्ठीला, ती लिहिल्यापासून मुलाचे उपचार पूर्ण होईपर्यंत, एक जबाबदार अधिकारी नेमा आणि त्याचा हिशेब गावासमोर वाचून दाखवा. खाली जे लिहिले आहे ते सगळे या मागणीचाच तपशील आहे.

हा कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात. अंगणवाडीतील मुलांची तपासणी वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा व्हायची असते. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. जन्मजात व्यंग, पोषणातील कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब असे 30 हून अधिक दोष शोधायचे असतात. दुरुस्त ओठ, चालू झालेले कान, शस्त्रक्रियेनंतर धावू लागलेली मुले ही या कार्यक्रमाची कमाई आहे, आणि ती आम्ही नाकारत नाही. म्हणूनच तपासणी आणि उपचार यांच्या मधली मोकळी जागा आम्हाला सलते.

ती जागा खात्यांच्या रचनेतून तयार झाली आहे. पथक ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाशी जोडलेले, म्हणजे जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत. प्राथमिक आरोग्य केंद्र, आरोग्य सेविका आणि शाळेत येणाऱ्या लोहाच्या गोळ्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. शाळा शिक्षणाधिकाऱ्यांकडे. शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे. एका मुलाच्या कानातल्या पुवाचा प्रवास या चार कार्यालयांतून होतो, आणि चौघांच्या मासिक अहवालात आपापले काम पूर्ण झालेले दिसते. अहवालात आकडे जातात: इतकी तपासली, इतक्यांत दोष आढळला, इतकी संदर्भित केली. मार्चमध्ये संदर्भित झालेली मुलगी जुलैमध्ये बरी झाली का, हे त्या आकड्यांवरून कळत नाही, कारण तिचे नाव एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातच नाही.

डोळ्यांचे उदाहरण घेऊ, त्यात सगळे टप्पे स्पष्ट दिसतात. दृष्टी तपासायचा तक्ता मुलापासून 6 मीटरवर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणि भरपूर उजेडात हवा. पुष्कळ वर्गखोल्यांत फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत तेवढी मोकळी जागा मिळत नाही. मग तक्ता चार मीटरवर लावला जातो आणि अधू डोळाही पास होतो. मुले रांगेत उभी असतात आणि पुढच्याने म्हटलेली अक्षरे मागच्याला पाठ होतात. त्यासाठी अक्षरांऐवजी चार दिशांना तोंड फिरवलेल्या ‘ई’चा तक्ता वापरायचा आणि मुलाने बोटाने दिशा दाखवायची. एकेक डोळा वेगळा तपासायचा. दुसरा डोळा तळहाताने झाकायचा, बोटांनी दाबायचा नाही, नाहीतर हात काढल्यावर थोडा वेळ त्या डोळ्याला धूसर दिसते आणि चुकीची नोंद होते. 6/9 ची ओळ वाचता आली नाही की चिठ्ठी. इथपर्यंतचे काम शिक्षकही पथकाच्या आधी करून ठेवू शकतात, म्हणजे पथकातील डॉक्टरांचा वेळ खऱ्या संशयित मुलांना मिळतो. 150 पटाच्या शाळेत प्रत्यक्ष कामाचे पाच तास धरले आणि दोन्ही डॉक्टर सतत तपासत राहिले, तरी एका मुलाच्या वाट्याला चारच मिनिटे येतात. त्यात डोक्यापासून पायापर्यंत सगळे पाहायचे असते.

पुढचा टप्पा ग्रामीण रुग्णालयातील नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांचा. लहान मुलाचा डोळा जवळचे-दूरचे पटकन जुळवून घेतो, म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब न टाकता काढलेला नंबर चुकू शकतो. थेंब टाकल्यावर एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही. हे आधी सांगितले नाही तर आई घाबरते, पुन्हा येत नाही, आणि गावात ‘थेंबाने डोळे गेले’ अशी अफवा पसरते. एक वाक्य आधी न सांगण्याची ही किंमत आहे. मग चष्म्याची मागणी जाते. चष्मा कधी शाळा सुटल्यावर येतो, कधी उन्हाळी सुट्टीत. फ्रेम मोठ्या माणसाच्या मापाची असते आणि नाकावरून घसरते. वाटप करताना चष्मा घालून तक्ता पुन्हा वाचून घेतला जात नाही, त्यामुळे उजव्या-डाव्या भिंगांची अदलाबदल झाली असेल तर ती तशीच राहते. महिन्याभरात स्क्रू ढिला होतो, मुले चिडवतात, आणि चष्मा दप्तराच्या तळाशी जातो. अहवालात मात्र त्या मुलाला ‘चष्मा दिला’ असे नोंदलेले असते. नंबर काढल्यापासून 30 दिवसांत चष्मा, लहान-मध्यम-मोठी अशा तीन मापांच्या फ्रेम, शाळेतच वाटप, वाटपाच्या वेळी तक्त्यावर फेरतपासणी आणि महिन्याने वर्गशिक्षकांकडून ‘घालतो का?’ एवढी विचारणा, या सगळ्याला वेगळा निधी लागत नाही.

आणि इथे वेळेला फार महत्त्व आहे. तिरळेपणामुळे किंवा दोन डोळ्यांच्या नंबरातील मोठ्या फरकामुळे मेंदू एका डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. असा आळशी झालेला डोळा साधारण सात-आठ वर्षांच्या आत उपचार मिळाले तर चांगला सुधारतो. त्यानंतर फार थोडा. पहिलीतल्या मुलाची चिठ्ठी दोन वर्षे रेंगाळली तर पुढे कितीही चांगले रुग्णालय मिळाले तरी ती दोन वर्षे भरून निघत नाहीत.

हृदयाचे प्रकरण वेगळ्या ठिकाणी अडते. पथकाला छातीत वेगळा आवाज ऐकू आला की जिल्हा रुग्णालयात टू-डी इकोसाठी (हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) बोलावतात. शस्त्रक्रियेची गरज निघाली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे लागतात, आणि तिथे पाहावे तर मुलाचे नाव शिधापत्रिकेवरच नाही, किंवा शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरेच. तहसील कार्यालयात नाव चढवण्यात महिने जातात. म्हणून ज्या दिवशी चिठ्ठी लिहिली, त्याच दिवशी शिधापत्रिका आणि आधारवरील नाव पडताळून पाहा. त्रुटी असेल तर ती दुरुस्त करून घेण्याची जबाबदारी इको होईपर्यंत कोणाची, ते चिठ्ठीवरच लिहा.

घशाच्या संसर्गामागून येणाऱ्या संधिवाती तापाने हृदयाच्या झडपेला इजा झालेल्या मुलांची गोष्ट आणखी चिवट आहे. त्यांना बेंझाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन दर तीन ते चार आठवड्यांनी, कित्येक वर्षे घ्यावे लागते. वजनानुसार 6 लाख किंवा 12 लाख युनिट. इंजेक्शन स्वस्त आहे. पण अॅलर्जीच्या भीतीने अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रे ते द्यायला तयार नसतात आणि दर खेपेला जिल्ह्याच्या गावी पाठवतात. एक मजुरी बुडते, एसटीचे दोन तिकिटांचे पैसे जातात, आणि चौथ्या-पाचव्या खेपेनंतर आई-बाप थांबतात. घसा पुन्हा दुखतो, झडप आणखी खराब होते. पहिला डोस जिल्हा रुग्णालयात देऊन पुढचे डोस जवळच्या आरोग्य केंद्रात, अॅड्रिनॅलिन हे अॅलर्जीवरचे औषध हाताशी ठेवून, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली द्यावेत, असा लेखी आदेश जिल्हा शल्य चिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांनी संयुक्त सहीने काढायला हवा. एकट्याच्या सहीचा आदेश दुसऱ्याच्या संस्थेत चालत नाही, हे आपणही जाणता.

आता रक्ताबद्दल. साप्ताहिक लोहगोळी दोन रंगांत येते. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना गुलाबी, तिच्यात 45 मिलिग्रॅम लोह आणि 400 मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड. दहा ते एकोणीस वयाला निळी, 60 मिलिग्रॅम आणि 500 मायक्रोग्रॅमची. वर्षाला 52 आठवडे. 200 मुलांच्या शाळेला वर्षाकाठी 10,400 गोळ्या लागतात, आणि त्यात सुट्टीत घरी द्यायच्या गोळ्याही धरलेल्या आहेत. प्रत्यक्षात पुरवठा वर्षभर थांबून मार्चमध्ये एकदम येतो, मुदत संपायला आलेली असते, आणि शाळा खोका कपाटात ठेवते. गोळी दुपारच्या जेवणानंतर साधारण तासाने द्यायची. ती परिपाठाच्या वेळी रिकाम्या पोटी दिली की दोन-चार मुलांना मळमळते, कोणी उलटी करते, पालक शाळेत धावून येतात आणि गावाचा गोळीवरचा विश्वास उडतो. शौचाचा रंग काळसर होईल, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हे पालकसभेत आधीच सांगायचे.

ही गोळी प्रतिबंधासाठी आहे. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन 8 च्या खाली आहे तिला आठवड्याच्या एका गोळीवर ठेवणे चूक आहे. तिला रुग्णालयातच पाठवायला हवे. त्यासाठी आधी हिमोग्लोबिन मोजले पाहिजे. डिजिटल यंत्र पथकाच्या पेटीत असते, पण पट्ट्या संपलेल्या असतात, किंवा बाटलीचे झाकण नीट न लागल्याने पावसाळी हवेत बिघडलेल्या. मग पापणी उलटून पाहून अंदाजाने ‘सौम्य’ असे लिहिले जाते. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यात रक्त कमी असलेल्या मुलाची सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारासाठी तपासणीही सोबतच व्हावी. शाळेतील विद्राव्यता चाचणी फक्त संशय दाखवते. मूल वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतील तपासणीनंतरच ठरते. तो निकाल शाळेत किंवा घरी परत न आल्याने निव्वळ वाहक असलेल्या मुलीला रुग्ण समजले जाते, आणि खऱ्या रुग्णाला हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू होत नाही.

रक्ताचा विषय निघाला की ताटाकडे पाहावेच लागते. शाळेच्या मध्यान्ह भोजनात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल, म्हणजे 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. हिशेब सोपा आहे: खालच्या वर्गांची 100 मुले जेवली तर 10 किलो तांदूळ, 2 किलो डाळ, 5 किलो भाजी आणि अर्धा किलो तेल. स्वयंपाकघराच्या दारावर खडूने हे चार आकडे रोज लिहिले, तर डाळीचे पाणी का झाले हे कोणत्याही आईला विचारता येते. पोते 50 किलोचे म्हणून उतरवून घेतले जाते. वजनकाटा नसल्याने ते कमी भरले तरी कळत नाही, आणि ती तूट शेवटी ताटातून वसूल होते. प्रत्येक शाळेला साधा काटा द्या आणि पोते उतरताना शाळा व्यवस्थापन समितीच्या एका सदस्याची सही घ्या. नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते, जानेवारी 2025 मध्ये त्याचा शासकीय निधी बंद करून ते लोकसहभागावर सोडले. ज्या गावात लोकवर्गणी जमते तिथल्या मुलांना अंड्याची गरज तुलनेने कमी असते. हा निर्णय मागे घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि जेवण शिजलेच नाही तर 2015 च्या मध्यान्ह भोजन नियमांनुसार त्या दिवसाचा अन्न सुरक्षा भत्ता पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मिळायला हवा. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिले तर जबाबदारी निश्चित करायची आहे. हा भत्ता मागता येतो, हेच पालकांना कोणी सांगितलेले नाही.

दोन गट तपासणीच्या वेळापत्रकातून कायम निसटतात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास आई-बापांबरोबर निघतात आणि उन्हाळ्यात परततात. त्या गावांत पथक डिसेंबर-जानेवारीत पोहोचले तर ज्यांना सर्वात जास्त गरज आहे तीच मुले हजेरीपटावर गैरहजर असतात. या तालुक्यांची तपासणी शाळा उघडल्यापासून दिवाळीपर्यंत संपवा, आणि निघणाऱ्या मुलाची चिठ्ठी ज्या कारखान्याच्या तळावर ते जाणार आहे तिथल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवा. दुसरा गट आश्रमशाळांचा. तिथे पालक जवळ नसतात, चिठ्ठी अधीक्षकांच्या टेबलावर राहते, रुग्णालयात न्यायला माणूस नसतो आणि संमतीसाठी पालकांचा फोन लागत नाही. प्रवेशाच्या वेळीच तपासणी आणि प्राथमिक उपचारांची लेखी संमती घ्या, दोन संपर्क क्रमांक नोंदवा आणि मुलाला रुग्णालयात नेण्यासाठी गाडीची तरतूद प्रकल्प कार्यालयाने आधीच करून ठेवावी.

आता व्यवस्था कशी हवी ते सांगतो. चिठ्ठीपुस्तक तीन प्रतींचे करा: एक पालकांना, एक शाळेत, एक ग्रामीण रुग्णालयात. प्रत्येक चिठ्ठीवर शाळेचा यूडायस (शासकीय ओळख) क्रमांक आणि चिठ्ठीचा अनुक्रमांक, कुठे जायचे, कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत, कोणाला भेटायचे, हे मराठीत आणि ठळक अक्षरांत असावे. चिठ्ठीला उत्तरदायी ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक. मुख्याध्यापकांचे काम दोनच गोष्टींपुरते: पालकांना कळवणे आणि नोंद ठेवणे. शिक्षकांवर पाठपुराव्याचा भार टाकू नका. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई करते. घरी जाऊन आठवण करण्याचे काम गावातील आशा सेविकांकडे दिले तर त्याचा मोबदला ठरवून द्या. फुकटात आणखी एक काम त्यांच्या अंगावर नको. पथकाच्या गाडीचे महिन्यातले दोन दिवस मुलांना रुग्णालयात आणण्यासाठी राखून ठेवा, कारण सकाळची ओपीडी दुपारी बंद होते आणि दूरच्या पाड्यावरून पहिली एसटी तोपर्यंत पोहोचत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून उपचारांपर्यंत सर्व मोफत आहे. तरी बाहेरून औषध किंवा तपासणी लिहून दिली गेली तर त्याची नोंदही चिठ्ठीच्या मागच्या बाजूला करता यावी.

दर तिमाहीला तालुकानिहाय पाच आकडे जाहीर करा. किती चिठ्ठ्या दिल्या, किती मुले रुग्णालयात पोहोचली, किती जणांचे उपचार पूर्ण झाले, किती जण 90 दिवसांहून जास्त काळ थांबले आहेत, आणि ते कशासाठी थांबले आहेत: डॉक्टर नाहीत, यंत्र बंद, कागदपत्रे अपुरी की प्रवासखर्च नाही. हे आकडे माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 खाली स्वतःहून द्यायच्या माहितीत बसतात, अर्जाची वाट पाहायला नको. मुलांची नावे मात्र कुठेही लावू नका, वाचू नका. विशेषतः मुलींच्या आजाराची चर्चा गावात झाली तर पुढच्या वर्षी ती मुलगी तपासणीला उभी राहत नाही. नावांची यादी शाळा आणि रुग्णालयातच राहील; सभेत फक्त आकडे.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत. तिच्या बैठकीत हा हिशेब विषयपत्रिकेवर असावा, आणि वर्षातून एकदा तालुक्याला जनसुनवाई व्हावी, जिथे वैद्यकीय अधीक्षक, तालुका आरोग्य अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी एकाच टेबलावर बसतील. हे काही नवे नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 मध्ये पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, गावांनी आरोग्यसेवांना हिरवे-पिवळे-लाल शेरे दिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी उत्तरे दिली. आरोग्यापुरती ती पद्धत आपल्याला माहीत आहे. तिच्यात शाळा जोडायची आहे. शिवाय महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली ‘संदर्भित बालकावर मुदतीत उपचार’ ही सेवा अधिसूचित करण्याचा प्रस्ताव आपण शासनाकडे पाठवावा, म्हणजे विलंबाविरुद्ध अपील करण्याचा हक्क पालकांना मिळेल.

शाळेच्या बाजूने हयगय झाली तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो, त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. आम्ही तो मार्ग वापरू. पण रुग्णालयाच्या बाजूने अडलेल्या चिठ्ठीसाठी आज असा ठरलेला मार्ग नाही, म्हणून हे पत्र आपणा सर्वांना एकत्र लिहिले आहे. आपले उत्तरही एकत्र, चौघा-पाचांच्या सहीने हवे.

त्या उत्तरात कृपया एवढे लिहा: मागील शैक्षणिक वर्षात आपल्या जिल्ह्यात किती चिठ्ठ्या दिल्या गेल्या आणि त्यांपैकी किती मुलांचे उपचार पूर्ण झाले, प्रत्येक तालुक्यात चिठ्ठीसाठी उत्तरदायी अधिकारी कोणत्या पदावरचा आहे, पथकांचे पुढील वर्षाचे शाळानिहाय वेळापत्रक, आणि हिमोग्लोबिनच्या पट्ट्या, लोहगोळ्या व बेंझाथिन पेनिसिलीन यांचा आजचा साठा. उत्तराची प्रत प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीला पाठवावी. नव्या वर्षाची तपासणी सुरू होण्याआधी ती मिळाली तर जून-जुलैच्या पालकसभेत ती वाचून दाखवता येईल.

आपले,
शाळा व्यवस्थापन समित्यांचे पालक सदस्य आणि आरोग्य हक्क कार्यकर्ते